सहा जागा, सहा नाद : नाशिकच्या गिटार महोत्सवासाठी वादकांची निवड कशी करावी

नाशिकमध्ये एखादा गिटार महोत्सव व्हावा असे वाटणारी चार माणसे एकत्र बसली, की पहिल्या दहा मिनिटांत कागदावर वीस-पंचवीस नावे जमतात आणि उरलेली संध्याकाळ त्यांपैकी श्रेष्ठ कोण या वादात जाते. अशा बैठकांना मी अनेकदा बसलो आहे, आणि काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या मैदानावर झालेल्या छोट्या कार्यक्रमासाठी वादकांची यादी मीच केली होती. पाच वादक होते, पाचही जणांचा हात तयार होता, आणि पाचही जण इलेक्ट्रिक गिटारवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट, लावून जलद वाजवणारे होते. तिसऱ्या वादकाच्या वेळी निम्मे मैदान चहाच्या टपरीपाशी उभे होते. पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसून राहिलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी नंतर मला सांगितले, की सगळ्यांनी उत्तम वाजवले, परंतु तीन तास एकच माणूस वाजवत असल्यासारखे त्यांना वाटत राहिले. तेव्हापासून मी यादी करण्याची पद्धत बदलली. आधी कार्यक्रमात कोणकोणते नाद हवेत ते ठरवायचे, मग त्यांचा क्रम लावायचा, आणि त्यानंतरच त्या त्या नादासाठी नाव शोधायचे. ही पद्धत पायरीपायरीने कशी वापरायची ते मी येथे एका कल्पित महोत्सवाचे उदाहरण घेऊन मांडतो आहे : शनिवारची संध्याकाळ, रविवारची सकाळ आणि एकूण सहा सादरीकरणे.

तारीख आणि तास

नावांच्या आधी तारीख निश्चित करावी, कारण कोण येऊ शकेल हे बरेचसे तारखेवरच ठरते. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरच्या कार्यक्रमाला बाद होतात. गणपती आणि नवरात्राच्या दिवसांत गावभर ढोल वाजत असतो, आणि ज्या ढोलाला आपल्या गावाचेच नाव मिळाले आहे त्याच्या शेजारी नायलॉनच्या तारांचे वाद्य ऐकू येण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन असते. उरतात ते नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे महिने. त्यांतही मला जानेवारीचा शेवटचा किंवा फेब्रुवारीचा पहिला शनिवार-रविवार सर्वांत सोयीचा वाटतो. मुंबईत २०११ पासून भरत आलेला महिंद्रा ब्लूज महोत्सव बहुधा फेब्रुवारीत असतो. त्याच्या आधीच्या आठवड्याची तारीख धरली, तर त्यासाठी किंवा मुंबई-पुण्याच्या इतर कार्यक्रमांसाठी भारतात येणाऱ्या परदेशी वादकाला आठवडाभर आधी बोलावता येते आणि विमानभाड्याचा भार वाटून घेता येतो. मुंबईहून नाशिक रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर आहे, त्यामुळे वेगळा विमानप्रवासही लागत नाही. फेब्रुवारीत पुढे गेले की बारावीची परीक्षा सुरू होते. ज्या घरात मूल अभ्यासाला बसले आहे त्या घरापर्यंत आपल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज जाऊ देणे मला योग्य वाटत नाही, आणि त्या काळात पोलिसांची परवानगी मिळवणेही अवघड होते.

तासांच्या बाबतीत कायदाच चौकट आखून देतो. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य शासन वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, परंतु ती सवलत आपल्या तारखेला मिळेल असे गृहीत धरून आखणी करू नये. म्हणून शेवटचा सूर ९ वाजून ४५ मिनिटांनी थांबेल असे समजून मागे मोजत यावे. सव्वापाचला सुरुवात केली तर हाताशी २७० मिनिटे असतात. चार सादरीकरणांना अनुक्रमे ४०, ४५, ५५ आणि ७० मिनिटे दिली, तर २१० मिनिटे होतात, आणि मधल्या तीन बदलांना प्रत्येकी २० मिनिटे उरतात. हे गणित कागदावर मांडले की पाचवे नाव घुसवण्याचा मोह आपोआप सुटतो.

रविवारची सकाळ मात्र बंदिस्त सभागृहात ठेवावी. महाकवी कालिदास कलामंदिरासारखे सभागृह शहराच्या मध्यावर आहे, गावातला रसिक तेथे पायी येऊ शकतो आणि सकाळच्या मैफलीची सवयही त्याला आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत आश्रम उभारून जेथे संगीत रुजवले आणि पाडवा पहाटेला माणसे अंधारात उठून जेथे गाणे ऐकायला निघतात, त्या गावात सकाळी नऊची वेळ कोणाला गैरसोयीची वाटणार नाही. नऊला सुरू करून ६० मिनिटांचे एक, २५ मिनिटांचा विराम आणि ९० मिनिटांचे दुसरे सादरीकरण ठेवले, तर बारा वाजायला पाच मिनिटे असताना महोत्सव संपतो, आणि मुंबई-पुण्याहून आलेला श्रोता मिसळ खाऊन संध्याकाळपर्यंत आपल्या घरी पोहोचतो.

नादाचे चार प्रश्न

गिटार हे एक वाद्य नसून वाद्यांचे कुटुंब आहे. कोणताही वादक यादीत घेण्यापूर्वी त्याच्याविषयी चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. तारा पोलादाच्या आहेत की नायलॉनच्या? स्वर पडद्यावर बोट दाबून निघतो, तार ओढून निघतो की तारेवरून काच किंवा धातूची नळी फिरवून निघतो? वादक एकटा बसतो की त्याच्याबरोबर साथीदार असतात? आणि संगीत कशाच्या आधाराने पुढे सरकते : रागाच्या, कॉर्ड्सच्या (म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या) की तालाच्या? ज्या दोन वादकांची चारही उत्तरे सारखी येतील, त्यांपैकी एकालाच जागा द्यावी, मग दुसरा कितीही थोर असो. हा नियम कठोर आहे याची मला जाणीव आहे, आणि त्यामुळे माझ्या सर्वांत लाडक्या काही नावांना मला स्वतःलाच बाजूला ठेवावे लागले आहे.

मोठ्या महोत्सवांकडे पाहिले तरी हाच विचार वेगवेगळ्या रूपांत दिसतो. सेव्हिल येथे १९९१ साली केवळ गिटारवादकांचा मोठा मेळा भरला, तेव्हा तो पाच रात्रींत विभागला गेला होता. जो सॅट्रियानी यांनी १९९६ साली सुरू केलेल्या जी-थ्री दौऱ्यात एका वेळी तीनच वादक असतात. एरिक क्लॅप्टन यांनी २००४ साली डॅलस येथे भरवलेल्या क्रॉसरोड्स महोत्सवात नावांची संख्या बरीच मोठी होती, परंतु त्या प्रमाणावरची साधने आपल्याकडे नाहीत, आणि आपल्या श्रोत्याला एकेका वादकाला निवांत ऐकायची सवय आहे. आपल्यासाठी सहा ही संख्या पुरेशी आहे.

सहा जागा आणि त्यांच्यासमोरची नावे

प्रत्येक जागेसमोर दोन नावे लिहावीत. पहिले नाव मनातले, म्हणजे पैसा आणि अंतर यांचा विचार न करता सुचणारे. दुसरे नाव पत्र लिहिल्यास खरोखर येऊ शकेल असे. दोन्ही नावांचा नाद एकाच जातीचा असला पाहिजे, म्हणजे ऐन वेळी बदल झाला तरी संध्याकाळचा क्रम मोडत नाही.

शनिवारची पहिली जागा मी नाशिकच्याच एखाद्या तरुण फिंगरस्टाइल वादकासाठी राखून ठेवतो, आणि येथे कोणतेही प्रसिद्ध नाव लिहीत नाही. पोलादी तारांची अकूस्टिक गिटार, सोबत कोणी नाही, बोटांनीच बास, कॉर्ड आणि चाल असे तिन्ही सांभाळणारे वादन. निवडीसाठी दोन महिने आधी आवाहन करावे. प्रत्येकाकडून एका दमात केलेले, कापाकापी न केलेले दहा मिनिटांचे चित्रीकरण मागवावे. त्यातील सहा-सात जणांना प्रत्यक्ष बोलावून माइकविना, साध्या खोलीत ऐकावे. खोलीत ज्याचा सूर गोल आणि स्वच्छ येतो तो मैदानावर निभावून नेतो. इफेक्ट पेडल काढून घेतल्यावर ज्याचे वादन उघडे पडते, त्याने अजून एक वर्ष थांबलेले बरे. या जागेला मानधन द्यावे, आणि तेही ठरलेल्या दिवशी द्यावे. संधी दिली एवढ्यावर स्थानिक कलाकाराची बोळवण करण्याची रीत आपण बंद केली पाहिजे.

दुसरी जागा सव्वासहाला सुरू होते आणि त्या दिवसांत सूर्य त्याच सुमारास मावळतो. येथे मला स्पेनचे फ्लामेंको हवे आहे, आणि मनातले नाव तेथील कोर्दोबा येथे वाढलेल्या विसेंते अमिगो यांचे आहे. फ्लामेंको गिटारच्या तारा नायलॉनच्या असतात, तिचे अंग बहुधा सायप्रसच्या हलक्या लाकडाचे असते, आणि वरच्या पाटीवर बोटांचे ठोके मारता यावेत म्हणून एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. त्यामुळे एकाच वाद्यातून चाल आणि ठेका असे दोन्ही निघतात. आपल्या श्रोत्याला ही शैली परकी वाटेल अशी भीती अनेकांना वाटते, पण मला ती वाटत नाही. सोलेआ किंवा बुलेरिया या फ्लामेंकोच्या प्रकारांचे आवर्तन बारा मात्रांचे असते, आणि एकताल ऐकलेल्या कानाला बारा मोजायला शिकवावे लागत नाही. फरक एवढाच, की तेथे वजन बारा, तीन, सहा, आठ आणि दहा या मात्रांवर पडते. फ्लामेंकोची जी स्वरपंक्ती सर्वांत अधिक कानावर पडते तीत कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद असतात. हेच स्वर आपल्याकडे बसंत मुखारीत आहेत. निवेदकाने सादरीकरणाआधी एवढे दोन मिनिटांत सांगितले, तर समोरचा श्रोता लगेच मोजू लागतो. दुसरे नाव म्हणून गोवा, मुंबई किंवा पुणे येथील नायलॉन तारांवर वाजवणाऱ्या एखाद्या वादकाशी बोलणी करावीत. अट एकच, की सोबत टाळ्यांचा ठेका धरणारा किंवा काहोन (बसून वाजवायचे खोक्यासारखे तालवाद्य) वाजवणारा साथीदार असला पाहिजे.

तिसऱ्या जागी विजेची गिटार प्रथम येते, आणि ती कर्नाटक संगीतातून यावी असे मला मनापासून वाटते. आर. प्रसन्ना साध्या, पडदे असलेल्या इलेक्ट्रिक गिटारवर कर्नाटक राग वाजवतात. पडदे पक्के बसवलेले असताना गमक, म्हणजे स्वराचे आंदोलन, कसे काढायचे हा प्रश्न गिटारवर राग वाजवणाऱ्या प्रत्येकापुढे असतो. ते तार ओढून आणि बोट पडद्यांवरून सरकवून तो सोडवतात. साथीला मृदंगम आणि घटम असला की रॉक ऐकणारा महाविद्यालयीन मुलगा आणि सवाई गंधर्व महोत्सवाला पुण्याला जाणारे त्याचे आजोबा एकाच वेळी पुढे सरकून बसतात. या जागेचे दुसरे नाव कोचीचे बैजू धर्मजन. मदरजेन या बँडमध्ये असताना त्यांनी रॉक गिटारमध्ये कर्नाटक वळणे आणली. त्यांचा नाद अधिक भारी आणि बँडचा आहे, म्हणून ते आल्यास चौथ्या जागेशी अंतर राखण्यासाठी त्यांना तालवाद्यांसोबतच्या छोट्या संचात वाजवण्याची विनंती करावी लागेल.

चौथ्या आणि सहाव्या जागेचा विचार मी एकत्र करतो, कारण संपूर्ण यादी ज्या धाग्यावर ओवली आहे तो धागा या दोन जागांमधून जातो.

हा धागा स्लाइडचा आहे. तारेवरून नळी फिरवून वाजवण्याची रीत हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडली आणि तेथील कलाकारांबरोबर जगभर गेली. ताऊ मो हे हवाईयन कलाकार कोलकात्यात राहिले आणि तेथे या वाद्याचे वेड पसरले. पुढे व्हॅन शिपली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या चाली या गिटारवर वाजवल्या. आपल्याकडच्या एका पिढीने गिटार प्रथम ऐकली ती रेडिओवर, याच रूपात. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनी मात्र या वाद्यावर राग मांडायचे ठरवले. ते सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य होते. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका कितीतरी मराठी घरांत होती, आणि संतूर व बासरीच्या बरोबरीने तिसरे वाद्य गिटार होते हे आज अनेकांच्या लक्षातही नसते. काब्रा २०१८ साली गेले. त्यांचे शिष्य देबाशीष भट्टाचार्य यांनी चतुरंगी, गांधर्वी आणि आनंदी अशी तीन वाद्ये स्वतः घडवली, आणि सहाव्या जागेचे, म्हणजे महोत्सवाच्या समारोपाचे, माझ्या मनातले नाव त्यांचे आहे.

आता चौथी जागा. फ्लोरिडाचे डेरेक ट्रक्स ओपन ई मध्ये (म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की एक कॉर्ड वाजेल अशा जुळणीत) लावलेली इलेक्ट्रिक गिटार, काचेची नळी आणि उघडी बोटे यांनी वाजवतात. प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची चकती, ते वापरत नाहीत. त्यांची मुळे ब्लूजमध्ये आहेत, परंतु अली अकबर खाँ यांच्या सरोदचा आपल्यावरचा प्रभाव ते उघडपणे मान्य करतात. त्यांचे लांबलेले, एका श्वासातले सूर ऐकताना मला मींड आठवते. शनिवारी रात्री ट्रक्स आणि रविवारी सकाळी भट्टाचार्य अशी मांडणी केली, तर मैहरच्या, म्हणजे अली अकबर खाँ यांच्या घराण्याच्या, एकाच विहिरीचे पाणी दोन वेगळ्या शेतांत कसे गेले हे श्रोत्याला कोणी समजावून न सांगता ऐकू येते. दोन स्लाइड वादक घेऊन मी माझाच नियम मोडतो आहे असे कोणाला वाटेल. परंतु चार प्रश्नांपैकी पहिल्या तिन्हींची उत्तरे दोघांची सारखी असली तरी चौथ्याचे वेगळे आहे, आणि दोघांच्या मध्ये एक रात्र व एक अगदी वेगळे सादरीकरण आहे.

चौथ्या जागेचे दुसरे नाव शिलाँगचे रूडी वालांग, त्यांच्या सोलमेट या ब्लूज बँडसह. ईशान्येकडचा ब्लूज किती अस्सल आहे हे नाशिककरांनी समोर बसून ऐकले पाहिजे. सहाव्या जागेसाठी मी बनारसच्या डॉ. कमला शंकर यांचे नाव लिहितो. त्यांच्या स्लाइड गिटारला शंकर गिटार म्हणतात आणि त्यांचे वादन गायकी अंगाचे आहे. येथे ‘दुसरे नाव’ हा शब्दच मला खटकतो, कारण त्यांच्यामुळे समारोपाची उंची तिळमात्र कमी होणार नाही. पंडित विश्वमोहन भट्ट यांचे नाव का नाही असे कोणी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. मोहनवीणा त्यांनी घडवली आणि राय कूडर यांच्यासोबतच्या ध्वनिमुद्रणासाठी १९९४ साली त्यांना ग्रॅमी मिळाले. आपल्या गावातल्या श्रोत्यापर्यंत हे वाद्य त्यांच्यामुळेच पोहोचले. मी फक्त काब्रांची शिष्यपरंपरा धरून चाललो आहे. ज्या संयोजकाला दुसरा धागा धरायचा असेल त्याने पहिल्यांदा त्यांनाच पत्र लिहावे.

राहिली पाचवी जागा, रविवारी सकाळी नऊची. आदल्या रात्रीचा बँड अजून कानात घुमत असताना श्रोत्याला शांततेकडे परत आणायचे आहे. येथे क्रोएशियाच्या आना विदोविच यांनी एकट्याने बसून जर्मन रचनाकार बाख यांच्या रचना वाजवाव्यात. बंदिस्त सभागृहात एक चांगला माइक आणि तोही जेमतेम उघडलेला, एवढेच पुरे. वादिकेच्या बोटाचा तारेवरचा घासलेला आवाज तिसऱ्या रांगेत ऐकू आला पाहिजे. यादी पुरी झाल्यावर त्यात स्त्रिया किती आहेत हे एकदा मोजून पाहावे. सहसा शून्य येते, आणि ते वाजवणाऱ्यांच्या अभावामुळे नव्हे, तर बैठकीत बसलेल्यांना नावे आठवत नसल्यामुळे येते.

डोळे मिटून तपासणी

कच्ची यादी झाल्यावर प्रत्येकाच्या थेट कार्यक्रमातील दीड मिनिटाचा तुकडा काढावा. स्टुडिओतला तुकडा घेऊ नये. हे सहा तुकडे ठरलेल्या क्रमाने सलग लावून अशा तीन-चार माणसांना ऐकवावेत ज्यांना गिटार वाजवता येत नाही. मी माझ्या घरी हे करतो तेव्हा दिवा बंद करतो आणि प्रत्येक तुकड्यानंतर एकच प्रश्न विचारतो : वाजवणारा माणूस बदलला असे कोठे वाटले? ज्या सांध्यावर कोणाचेच बोट वर होत नाही, तेथे क्रम किंवा नाव बदलावे लागते. वादक मित्रांना हा प्रयोग ऐकवून उपयोग होत नाही, कारण त्यांना पिकअपचा, म्हणजे तारेचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचा, फरकही ऐकू येतो आणि ते प्रत्येक वेळी हात वर करतात.

एकत्र वाजवायचे असल्यास

सर्वांनी शेवटी एकत्र येऊन वाजवावे, अशी मागणी प्रत्येक प्रायोजक करतो. सहा जणांना एकदम मंचावर आणू नये. दोघांची एक भेट ठरवावी, पंधरा मिनिटांची, आणि तिच्यासाठी आदल्या दिवशी तासभर सराव लिहून ठेवावा. पहिली अडचण सुराची असते. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या जुळणीत हार्मोनियमच्या पांढरी तीनला असते. ती एक पूर्ण स्वर उतरवली की पांढरी दोन मिळते, आणि तेथे भारतीय वादक आणि तबलजी दोघांनाही सहज भेटता येते. राग कोणता हे दोन्ही बाजूंना आठवडाभर आधी कळवावे. किरवाणी हा सोपा मार्ग आहे, कारण त्याचे स्वर पाश्चात्त्य हार्मोनिक मायनरचेच आहेत. हंसध्वनी पाचच स्वरांचा असल्यामुळे चालतो. मारव्यासारखा राग घेऊन कॉर्ड वाजवणाऱ्याला संकटात टाकू नये.

मंचाची तयारी

ध्वनितपासणी उलट्या क्रमाने करावी. रात्री शेवटी वाजवणाऱ्याची तपासणी सकाळी दहाला, आणि संध्याकाळी प्रथम वाजवणाऱ्याची सर्वांत शेवटी, म्हणजे कार्यक्रम सुरू होताना मंच त्याच्यासाठी लावलेलाच असतो. प्रत्येकी सव्वा तास धरला तर चौघांचे तीनपर्यंत आटोपते आणि साडेचारला प्रवेशद्वार उघडता येते. ट्रक्स यांच्यासारखा वादक बारा-एक जणांचा बँड घेऊन येतो. त्यांचे ड्रम आणि अँप्लिफायर मागच्या बाजूला कायम मांडून ठेवल्याशिवाय वीस मिनिटांत बदल होत नाही.

वीज हा येथील सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. मैदानावर जनित्र लागते. ध्वनी आणि प्रकाश यांना वेगवेगळी जनित्रे द्यावीत, कारण दिव्यांच्या डिमरचा गुणगुणाट सिंगल कॉइल पिकअपमधून थेट स्पीकरवर येतो. आर्थिंग तपासल्याशिवाय कोणालाही गिटार जोडू देऊ नये. माइकला ओठ आणि तारेला बोटे लागलेल्या माणसाला धक्का बसणे ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे. अमेरिकेतून आलेला अँप्लिफायर ११०-१२० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे २३० व्होल्ट आहे, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधीच मागवून ठेवावा.

आपल्याकडची थंडी हाही तांत्रिक प्रश्न आहे. गंगापूर रोडच्या द्राक्षबागांच्या बाजूला किंवा धरणाच्या दिशेला मैदान घेतले, तर सूर्य मावळल्यावर तासाभरात हवा बदलते आणि रात्री दव पडू लागते. थंडीने पोलादी तार आखडते आणि सूर चढतो. ओलाव्याने तबल्याची पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. दोघे विरुद्ध दिशांना जातात. यासाठी मंचाच्या वर आणि तीन बाजूंनी आच्छादन घ्यावे, वाद्ये वादनापूर्वी अर्धा तास मंचाशेजारी उघडी ठेवावीत, आणि तबला मात्र गुंडाळून ठेवावा. हेच कारण आहे की तरफांची (मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारांची) वाद्ये मी सभागृहात, सकाळी ठेवतो. मोहनवीणा किंवा चतुरंगीसारख्या वाद्यावर वीसच्या आसपास तारा असतात आणि त्या जुळवायला शांत, स्थिर हवेची जागा लागते. या वादकांसाठी दीड फूट उंचीची बैठक, स्वच्छ चादर आणि मंचाखालीच चपला काढण्याची शिस्त हेही यादीत लिहावे.

पैसा आणि पत्रे

एकूण मानधनाच्या निम्म्याहून अधिक रक्कम एकाच नावावर जाऊ देऊ नये. तसे झाले की उरलेल्या पाच जागा भरतीच्या होतात आणि श्रोत्याला ते लगेच कळते. पत्रे चौथ्या आणि सहाव्या जागेपासून पाठवावीत, कारण त्यांची तारीख मिळाली तरच बाकीच्यांना विचारण्यात अर्थ असतो. परदेशी वादकांना किमान आठ-दहा महिने आधी लिहावे. पत्रात वादनाची मिनिटे, साथीदारांची संख्या, जागा उघडी की बंद, शेवटच्या सुराची वेळ आणि मानधनाचे हप्ते एवढे स्पष्ट असावे. वादकाकडून त्याचा टेक रायडर, म्हणजे लागणाऱ्या तांत्रिक साधनांची यादी, मागवावा आणि तो ध्वनिसंयोजकाने वाचून सही केल्याशिवाय करार करू नये. वाद्ये परदेशातून येत असतील तर सीमाशुल्कासाठी एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरते आणून परत नेण्याचे कागदपत्र, उपयोगी पडते. त्यांच्या मानधनातून करकपात करावी लागते, म्हणून सनदी लेखापालाला पहिल्या पत्रापासून सोबत घ्यावे. थेट सादर होणाऱ्या संरक्षित रचनांसाठी आयपीआरएस या रचनाकारांच्या हक्कांच्या संस्थेचा आणि विरामात वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल या ध्वनिमुद्रण हक्कांच्या संस्थेचा परवाना लागतो. जाहिरात मात्र करारावर दोन्ही सह्या झाल्यावरच छापावी.

शेवटची एक सूचना रविवारच्या समारोपासाठी. सहावा वादक भैरवी वाजवील, आणि भैरवीनंतर मंचावर काहीही होऊ नये. प्रायोजकांचे आभार, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे मनोगत हे सर्व पाचव्या आणि सहाव्या सादरीकरणांमधल्या पंचवीस मिनिटांत आटोपावे, आणि भैरवी थांबल्यावर सभागृहाचे दिवे हळूहळू लावून दारे उघडावीत.